मेहकरच्या गॅरेजातला हिरवा कोबा

“हिरवा,” नानासाहेब म्हणाले. “आन् असा चकाकला पायजे, का आत पाय ठेवला तं मानसाले सोताचं तोंड दिसलं पायजे.”

आम्ही तिघं त्यांच्या नव्या गॅरेजात उभे होतो. नानासाहेब, माझे मालक गुलाबराव कंत्राटदार आणि मी, त्यांचा ओव्हरसियर. पायाखाली सिमेंटचा नवाकोरा कोबा होता. त्याच्यावरची ओली पोती आम्ही त्याच सकाळी उचलली होती. आणि नानासाहेबांना त्यावर ऑइलपेंट हवा होता. नागपुरात कुणाच्या तरी बंगल्यावर त्यांनी तशी फरशी पाहिली होती आणि ती त्यांच्या डोक्यात शिरून बसली होती.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मेहकरला मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. नानासाहेबांकडे त्यातली एकही नव्हती. गावाबाहेर लोणार रस्त्याला त्यांचं घर, मागे भाजीपाल्याचा मळा, पुढे कापसाची शेतं, आणि अंगणात हे बिनमोटारीचं गॅरेज. त्यासाठी सिमेंटचं परमिट काढलं ते विहिरीच्या नावावर, असं लोक म्हणत. आम्ही विचारलं नाही. विहिरीला दोन पल्ल्यांचं दार कशाला, हेही विचारलं नाही.

गॅरेज बांधण्यामागचं कारण मात्र खरं होतं. त्यांची मुलगी कमल लग्नाची होती. मॅट्रिक झालेली, शिवणकाम उत्तम. आदल्या वर्षी तिला पाहायला अकोल्याकडचे पाहुणे मोटारीनं आले. मोटार लिंबाखाली उभी केली. आत पोहे चालू असताना नानासाहेबांच्या शेळ्या बॉनेटवर चढल्या, तिथून टपावर गेल्या आणि लिंबाचा पाला खात बसल्या. पाहुण्यांनी टपाचे पोचे पाहिले आणि मुलगी नापसंत केली. आता मलकापूरचे लक्ष्मणशेठ आपल्या मुलासाठी तिला पाहायला येणार होते. कापसाचे व्यापारी, सरकी काढायचं स्वतःचं जिन, स्वतःची मोटार. पुन्हा शेळ्यांना संधी द्यायची नाही, असं नानासाहेबांनी ठरवलं होतं.

“नानासाहेब, आत ओल हाये अजून,” मी म्हणालो.

“कुठं? कोरडा ठन्न हाये.”

इथे थोडं समजावून सांगतो. लोकांना वाटतं सिमेंट वाळून घट्ट होतं. तसं नाही. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होतं. म्हणून त्यावर पोती टाकून पाणी मारत राहायचं. याला आम्ही तराई म्हणतो. तराई संपली की वरचा भाग पांढरट दिसू लागतो आणि मालक खूश होतो, पण आतलं पाणी पुढे बरेच आठवडे वर येत राहतं. मेहकरकडे खाली काळी माती, तिची ओल वेगळीच. शिवाय नव्या सिमेंटात चुन्यासारखा तिखट क्षार असतो. आणि ऑइलपेंट म्हणजे शेवटी रंग कालवलेलं तेलच. तेल आणि क्षार एकत्र आले की काय तयार होतं, ते घरी साबण करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं.

हे सगळं मी नानासाहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हनजे माह्या गॅरेजात साबन होईन?”

“हाव. रंग चिकट राहीन. तापलेलं चाक आलं का चाकासंगं निघून येईन.”

“मंग चांगलंच हाये की. धुवायचं काम नाई.”

मी म्हणालो, आहे तसा राहू द्या, घोटून गुळगुळीत केलेला आहे. ते म्हणाले, राखेसारखा दिसतो. मी म्हणालो, मग उन्हाळा जाऊ द्या, पुढे बघू. ते म्हणाले, पाहुणे पुढल्या आठवड्यात येऊन राह्यले, उन्हाळा कुठं घेऊन बसला. एवढ्यात गुलाबरावांनी माझ्या पायावर पाय दिला आणि म्हणाले, “मारू ना साहेब. हिरवा त हिरवा.”

परतताना सायकल हातात धरून त्यांनी मला धंदा शिकवला. “भास्कर, आपून काय डाक्टर हाओ का बे? गिऱ्हाइकाले औषध नाई द्यायचं. जे मागन ते द्यायचं.”

रंगाचं काम सुरू असताना कमल दारात येऊन उभी राहिली. तिच्या गळ्यात शिवणाची टेप होती.

“भास्करभाऊ, हे वाळन का?”

“वरून वाळन.”

“आन् खालून?”

“खालून नाई.”

“बाबाले सांगतलं?”

“तुमी होत्या ना दाराआड. आयकलं नाई काय?”

“आयकलं. साबनाचं पन आयकलं,” ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून आत गेली.

रंग दिसायला झकास झाला, खोटं कशाला बोलू. पोपटी नाही, गडद नाही, मधलाच हिरवा. दार उघडलं की आत तळं भरल्यासारखं वाटे. अख्खं मेहकर पाहून गेलं. नानासाहेबांनी दाराला आडवी दोरी बांधली आणि येणाऱ्याला दोरीबाहेरून दर्शन दिलं. काही म्हाताऱ्यांनी सवयीनं हातही जोडले. मी एका कोपऱ्यात अंगठा दाबून पाहिला. वर साय धरल्यासारखा पापुद्रा होता आणि खाली मऊ. अंगठ्याचा ठसा उमटला तो उमटलाच.

पाहुणे आले त्या दिवशी गुलाबरावांना आणि मला जेवायला बोलावलं होतं. काम कुणी केलं असं पाहुण्यांनी विचारलं तर हजर असावं म्हणून. लक्ष्मणशेठ उंच, वाळकुडे, करड्या मिशांचे गृहस्थ होते. गाडी त्यांचा मुलगा वसंत चालवत होता. मलकापूरहून घाट चढून, चिखलीवरून खडी तुडवत ती आली होती आणि चैत्राचं ऊन रखरखत होतं. चाकं हात लावू देत नव्हती. नानासाहेबांनी स्वतः दोरी सोडली आणि मोटार त्या हिरव्या तळ्यात शिरली. मी डोळे मिटून घेतले. काही झालं नाही. उभी गाडी काही करत नाही. जे व्हायचं ते ती निघताना होतं.

मुलगी दाखवून झाली. लक्ष्मणशेठनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, पुरण येतं का विचारलं. वसंतानं शिवणाच्या मशीनकडे बघत विचारलं की पायाची का हाताची. कमल म्हणाली, पायाची. एवढंच बोलणं. जेवणं झाली. वांग्याची भाजी तिखट होती, पण सगळ्यांनी ती गोड मानून घेतली. नानासाहेब एवढे खूश, की मला वाटलं आता बैठकीतच सुपारी फोडतात.

दुपारी पत्र्याखालची बैठक भट्टीसारखी तापली. लक्ष्मणशेठ हवा शोधत अंगणात आले, गॅरेजात डोकावले आणि म्हणाले, “अरे, इथं तं गार हाये.”

“गादी टाकतो,” नानासाहेब म्हणाले.

“गादी कायले? गार जमीन सोडून गादीवर कोन निजते?”

आणि मोटारीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत, बंडी-धोतरावर, उपरणं बाजूला ठेवून ते उताणे पसरले. आपल्या फरशीवर व्याही निजतो यापरतं सुख नाही, अशा चेहऱ्यानं नानासाहेबांनी दार लोटून घेतलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं असं तुम्हाला वाटेल. पण रंग चाकाला चिकटणार हे मला माहीत होतं. तो माणसाला चिकटेल, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. आम्हाला हे कुणी शिकवत नाही.

चहाच्या वेळी आतून आवाज आला. “वसंता, मले कोनं धरलं रे?”

आम्ही धावत गेलो. लक्ष्मणशेठ छताकडे पाहत पडले होते. अंगाच्या उबेनं रंगाची साय फुटली होती आणि खालचा लगदा बंडीत, धोतरात, मानेवरच्या केसांत शिरला होता. उठायला गेले की पाठीखालून चर्र आवाज येई आणि ते परत आडवे होत. वसंत एक हात धरून ओढू लागला, नानासाहेब दुसरा.

“ओढू नका,” लक्ष्मणशेठ म्हणाले. “शेंडी निघून राह्यली.”

नानासाहेबांचा चेहरा रंग उडालेल्या भिंतीसारखा झाला. गुलाबराव देवाचं नाव घेऊ लागले. मी रॉकेल आणा म्हणालो, पण घरात रॉकेल कुठल्या डब्यात आहे हे पुरुषांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. तेवढ्यात कमल आली. एका हातात रॉकेलची बाटली, दुसऱ्यात तेलाची वाटी, आणि शिवणाची मोठी कैची कमरेला खोचलेली. मागून तिची आत्या ओरडत होती, “कमे, पाव्हन्यापुढं अशी जाऊ नको.”

कमल लक्ष्मणशेठच्या डोक्याशी बसली.

“काकाजी, हलू नका. केस मी तेलानं सोडवते. बंडी राह्यली तं राहू द्या.”

“आन् धोतर?”

“ते भास्करभाऊ पाहतीन,” ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

मी रॉकेलचा बोळा घेऊन धोतराकडे गेलो. तिनं केस एकेक बट करून मोकळे केले. मग बंडी दोन्ही बाजूंनी बगलेपासून खालपर्यंत कापली. कापड सरळ कापलं गेलं, जसं काही माप घेऊन बसली होती. लक्ष्मणशेठ उठून बसले. बंडीची अख्खी पाठ फरशीवर राहिली, आणि धोतराचा सोगाही.

त्यांना नानासाहेबांची बंडी आणून दिली. नानासाहेब आडवे वाढलेले. त्या बंडीत लक्ष्मणशेठ दोनदा मावले असते. बंडी चढवून त्यांनी हिरव्या फरशीकडे, मग आमच्याकडे पाहिलं.

“हा रंग कोनं मारायले सांगतला?”

 मग गुलाबरावांनी माझ्याकडे बोट केलं. “ह्या ओव्हरसियरनं. शिकेल मानूस हाये, म्हनून आमी आयकलं त्याचं.”

 मालकाला खोटं पाडलं तर नोकरी जाते आणि नाही पाडलं तर जिल्हाभर नाव जातं. मी हिशेब करत होतो. नानासाहेब जमिनीकडे बघत राहिले.

“नाई,” कमल म्हणाली. “बाबानं सांगतला. भास्करभाऊ नाई म्हनत होते. मी दाराआड होते, मी सगळं आयकलं.”

आत्यानं कपाळावर हात मारला. नानासाहेबांनी मान वर केली, लेकीकडे पाहिलं आणि म्हणाले, “हाव. मीच म्हनलं होतं.” आवाज फार बारीक होता. मला त्या क्षणी त्यांची कीव आली. शेळ्यांच्या वेळी निदान दोष शेळ्यांचा होता.

लक्ष्मणशेठनी कमलच्या हातातली कैची मागून घेतली आणि पातं नखावर फिरवून पाहिलं.

“धार चांगली हाये,” ते म्हणाले आणि कैची परत दिली.

यापुढे त्यांनी काहीच विचारलं नाही. चहा घेतला आणि निघू म्हणाले. वसंतानं मोटार मागे घेतली. चारही चाकांना भाकरीएवढे हिरवे पापुद्रे लटकत होते. गाडी रस्त्याला लागली तशी ते मडगार्डवर फटाफट वाजू लागले आणि मेहकरच्या बाजारातून लक्ष्मणशेठ वाजतगाजत गेले.

नानासाहेब दुसऱ्या दिवसापासून घराबाहेर पडेनात. लोक गॅरेज पाहायला परत येऊ लागले होते. आता व्याह्याच्या पाठीचा आकार पाहायला. गुलाबरावांनी त्याच संध्याकाळी मला कामावरून काढलं. रंगासाठी नाही. माझ्या बाजूनं साक्षीदार निघाला म्हणून.

मग एका दुपारी वसंत एकटाच एस.टी.नं आला. नानासाहेबांची बंडी धुऊन, इस्त्री करून आणली होती. तेव्हा मी फरशीवरचा रंग खरवडत होतो. गुलाबराव त्या घराकडे फिरकायला तयार नव्हते म्हणून नानासाहेबांनी मलाच बोलावलं होतं. त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोर झालं.

“बाबाले मुलगी पसंत हाये,” वसंत म्हणाला. “मलकापुरात सोताच सगळ्याले किस्सा सांगून राह्यले. लोक हसून राह्यले. एकच अट हाये. मांडव मातीवर टाका.”

नानासाहेब खाटेवर बसले ते बसलेच. वसंत दाराआड उभ्या असलेल्या कमलकडे वळला. “तुमचं काय म्हननं हाये?”

ती बाहेर आली. “तुमच्या घरी खरं बोललेलं चालते का?”

वसंतानं थोडा विचार केला. “बाबाले चालते. आईले विचारा लागन.”

कमल हसली आणि ते ठरलं. लग्न शेणानं सारवलेल्या अंगणात लागलं. लक्ष्मणशेठनी पंगतीत बसण्याआधी जमिनीवर हात टेकून पाहिला आणि सगळा मांडव हसला. मला त्यांनी जिनाच्या गोडाऊनचा कोबा करायला मलकापूरला नेलं. तिथे मी पुढे बरीच वर्षं होतो. रंगाचा विषय कुणी काढला नाही.

त्यानंतर मी आयुष्यभर फरशा केल्या. अजूनही कुणी विचारतं, गॅरेजच्या काँक्रीटला घरात उरलेला ऑइलपेंट मारला तर चालेल का. मी ओल सांगतो, क्षार सांगतो, तापलेली चाकं सांगतो. लोक मान हलवतात आणि घरी जाऊन मारतात. म्हणून आता एवढंच सांगतो, मारायचाच असेल तर मारा, पण त्यावर व्याह्याला झोपू देऊ नका. सगळ्यांच्या घरी कैचीला धार नसते.