समुद्रफुलाचा उपास

माझे सासरे जन्मभर बोटीवर. निवृत्त होऊन रत्नागिरीला घरी आले, तेव्हा त्यांच्याशी काय बोलावं हे कोणालाच कळेना, माझ्या नवऱ्याला तर मुळीच नाही. बापलेक समोरासमोर बसून पेपर वाचायचे. मग मामंजींनी ओटीवर काचेची मोठी टाकी आणली, समुद्राचं पाणी भरलं आणि ओहोटीला खडकांतून प्रवाळाचे तुकडे व एक समुद्रफूल आणून सोडलं. म्हणायचं फूल, पण तो प्राणी. तांबूस झिपऱ्या पसरून दगडाला चिकटलेला. मामंजी दिवसभर तिथेच.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, म्हणून पाण्याचं लचांड माझ्या गळ्यात. खाणं अगदी बेताचं, असं मी बजावलं होतं. पण गटारी आली. श्रावणात आमच्याकडे मासळी शिजत नाही, म्हणून आदल्या दिवशी आम्ही खाडीच्या कोळंबीवर ताव मारला, आणि मामंजींनी टाकीचीही गटारी केली. "पुढे महिनाभर उपास. खाऊ दे की बिचाऱ्याला पोटभर." समुद्रफुलाला मूठभर कोळंबी!

पाणी दुधाळ झालं. उष्टं कुजून त्याचं खत झालं, आणि त्यावर हिरवं शेवाळ माजून प्रवाळावर चढलं. प्रयोगशाळेत तपासलं तर नायट्रेट भलतंच वाढलेलं. समुद्रफूल आक्रसून सुपारीएवढं उरलं. एरवी ताजं पाणी आणून बदललं असतं, पण पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी गढूळ, नदीच्या पाण्याने अळणी झालेलं. उन्हाळ्यात भरून ठेवलेले कॅन होते, तेवढेच.

माझं डोकं फिरलं. "मामंजी, लाडाने मारणार आहात त्याला!"

ते हळूच म्हणाले, "अगो, पोरं लहान होती तेव्हा मी बोटीवर. भरवायला आत्ता कुठे कोणी मिळालंय."

नवरा आतल्या खोलीत होता. त्याने ऐकलं असणार.

श्रावणभर टाकीत काही म्हणजे काही पडलं नाही. मामंजी नळीने तळाची घाण ओढून काढायचे, जुन्या टूथब्रशने शेवाळ खरवडायचे. मी कॅनमधलं पाणी पुरवून पुरवून बदलायची. नायट्रेट हळूहळू उतरलं. गणपती गेले आणि एका सकाळी समुद्रफुलाने झिपऱ्या सोडल्या. मला सांगायला मामंजी स्वयंपाकघरापर्यंत आले, डोळ्यांत पाणी घेऊन.

त्याच आठवड्यात घरात कोळंबी आली. मी सोलत बसले होते. मामंजींनी एक उचलली, टाकीकडे बघितलं आणि परत ठेवली.

"नको. बरं आहे ते तसंच."

दुपारी जेवताना त्यांनी आपल्या ताटातली तळलेली कोळंबी उचलून माझ्या नवऱ्याच्या ताटात ठेवली. चाळिशीचा माणूस तो. त्याने ती खाल्ली.

"बाबा, अजून एक द्या," तो म्हणाला.