बाबांच्या मशीनला ओलं गोणपाट

वाडीतले लोक हा किस्सा माझ्या तोंडावर सांगतात आणि मी खाली बघून चहा पितो. पण एक सांगतो, ते तो सौम्य करून सांगतात. माझा मूर्खपणा मुळात जेवढा होता, तेवढा त्यांच्या सांगण्यात येतच नाही. म्हणून म्हटलं, आपणच एकदा सांगून टाकावं. मी बोलका माणूस नव्हे. नववीत शाळा सोडली, तीसुद्धा सगळ्या वर्गासमोर उभं राहून वाचावं लागायचं म्हणून. तेव्हा सांभाळून घ्या.

माझे बाबा तांडेल. चाळीस वर्षं सुकाणू त्यांच्या हातात. मी त्याच होडीवर इंजिन बघायचो. एके दिवशी सकाळी परत येताना बाबांना सुकाणू धरल्या धरल्या झोप लागली आणि होडी खडपावर, पाण्यातल्या खडकांवर चढली. एकाचा पाय मोडला. समुद्र शांत होता म्हणून बाकीचे वाचलो. बाबा त्या दिवसापासून पडवीत बसले ते बसलेच.

गोव्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, यांचा श्वास झोपेत थांबतो. रात्रभर थांबतो, सुटतो, थांबतो. म्हणून दिवसा डुलक्या. उपाय एकच, मशीन. एक डबा, त्याला लांब पाइप, पाइपाला नाकावर बसणारा मास्क. झोपेत ते नाकात हवा ढकलत राहतं. लावलं नाही तर कधीतरी थांबलेला श्वास थांबलेलाच राहील, असं त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. मी ते घरी कुणालाच सांगितलं नाही. कसं सांगणार?

मशीन बसवायला कणकवलीहून माणूस आला. आईने मला पुढे केलं. याला इंजिनातलं सगळं कळतं म्हणाली. त्या माणसाने शुद्ध मराठीत भराभर समजावलं. मशीनच्या पोटात पाण्याची डबी आहे, ती पाणी गरम करते, त्याने हवा ओलसर होते, ही चक्री एक ते पाच, दोनवर ठेवली आहे. मशीन कुठे ठेवायचं, पाइप कसा ठेवायचा, तेही त्याने सांगितलं. शेवटी विचारलं, "कळलं ना?"

मी मान हलवली. तुम्हीच सांगा, एवढं बोलून दमलेल्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांगा कसं म्हणायचं? अडलं तर फोन करा म्हणून नंबरही दिला त्याने. मी तो इतका जपून ठेवला की कधी लावलाच नाही.

तो गेल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर मशीन उचलून बाबांच्या डोक्यावरच्या फळीवर ठेवलं. होडीत डिझेलची टाकी नेहमी वर असते. वरून खाली सगळं आपोआप येतं. मला हे फार पटलं.

त्या दिवसांत रात्री वीज कधी जाईल त्याचा नेम नसायचा, म्हणून बाबा दुपारीच मशीन लावून आडवे व्हायचे. दोन दिवसांनी म्हणाले, "नाक सुकता रे. रगत येता." मी चक्री दोनवरून थेट पाचवर नेली. तीन नाही, चार नाही. बाबांसाठी करायचं तर अर्धवट कशाला?

तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हवा गरम लागता. काजीच्या भट्टीत तोंड घातल्यासारखी."

आता कुठल्याही शहाण्या माणसाने चक्री खाली आणली असती. पण खाली आणली तर नाक सुकणार, नाही का? मी विचार केला. माझ्या बाबतीत हेच वाईट होतं, मी विचार करायचो. होडीवर इंजिनाचा पाइप तापला की आम्ही त्याला ओलं गोणपाट गुंडाळतो. मी गोणपाट स्वच्छ धुतलं, पाण्यात बुडवलं आणि मशीनचा पाइप या टोकापासून त्या टोकापर्यंत गुंडाळून काढला. वर सुतळी.

बाबांनी मास्क लावला. "आता बरी लागता," म्हणाले आणि दहा मिनिटांत झोपले. तेही पहिल्यांदाच न घोरता. मी एवढा खूश झालो की शीळ वाजवत बंदरावर इंजिन खोलायला गेलो.

तासाभरात शेजारचा पोर धावत आला. घरी बोलावलंय म्हणाला आणि माझ्याकडे न बघता परत पळाला.

दारात चपलांचा ढीग. आत आई भिंतीला टेकून बसलेली. झालं होतं असं, की आई चाळीस वर्षं बाबांच्या घोरण्याच्या आवाजात कामं करत आली. त्या दुपारी घोरणं बंद. ती आत गेली तर बाबा निपचित, आणि छातीपाशी कुठेतरी घर्र, घर्र. हाक मारली, उत्तर नाही. तिने सुभद्राकाकीला बोलावलं. काकी आमच्या शेजारची. वाडीतलं एकही मरण तिच्याशिवाय झालेलं नाही. तिने दोन मिनिटं कान दिला आणि पदर तोंडाला लावला. आईने बाबांना हलवायला हात पुढे केला, तर काकीने तो धरला.

"हलव नको तेका. जाणाऱ्याक सुखान जावंदे."

मी आत गेलो. तो आवाज ऐकला. गोव्याच्या डॉक्टरांचं बोलणं आठवलं. ते माहीत असलेला त्या घरात मी एकटा. आणि चक्री मी फिरवली, हेही माहीत असलेला मी एकटाच. मी बोलायला हवं होतं. पण खोलीत वीसेक माणसं आणि सगळी रडणारी. त्यांच्यापुढे उभं राहून मी केलं म्हणून सांगायचं? वर्गात वाचता आलं नाही, तर हे कुठून जमणार?

म्हणून जे न बोलता करता येत होतं ते केलं. गोणपाट सुकत आलं होतं. मी ते सोडलं, बाहेर नेऊन पाण्यात बुडवलं आणि पुन्हा गुंडाळलं. पाच मिनिटांत आवाज दुप्पट झाला.

"घटका जवळ इली गो," काकी म्हणाली.

बातमी बंदरावर पोचली. वाडीत मयत झालं तर आमच्याकडे होड्या समुद्रात जात नाहीत. त्या दिवशी पाच होड्या बर्फ भरून तयार होत्या. आता मयत झालेलं नाही, पण होणार. मग जायचं की थांबायचं? बाबा सगळ्यांचे जुने तांडेल, सगळे थांबले. माणसं अंगणात माडाखाली बसून राहिली आणि तिकडे बर्फाचं पाणी होत राहिलं. कुणीतरी मुंबईला माझ्या दादाला निघ म्हणून फोन केला. कुणीतरी मालवणच्या डॉक्टरांना बोलावलं, पण ते येईस्तोवर काकी थांबायला तयार नव्हती. तिने देवातला गंगाजलाचा गडू काढला, तुळशीचं पान माझ्या हातात दिलं.

"बाबल, तू झील. तोंडात पाणी तूच घाल."

मुलाने पाणी घालायचं तर मास्क काढायला हवा. बाबांची छाती वरखाली होत होती, अंगही ऊन होतं, पण माझं तिकडे लक्ष कुठलं? डोळ्यांपुढे सगळं पुसट झालेलं. मनात बाबांची माफी मागितली आणि मास्क उचलला.

पाइप खाली झुकला आणि त्यातून तांब्याभर पाणी भसकन बाबांच्या गळ्यावर आलं.

आवाज थांबला. बाबांनी डोळे उघडले. त्यांनी आईकडे बघितलं, काकीकडे बघितलं, दारात दाटलेल्या माणसांकडे बघितलं. बरीच वर्षं इतकी गाढ झोप मिळाली नव्हती, त्यामुळे चेहरा अगदी ताजा.

"कोण गेलो?" त्यांनी विचारलं.

 ते माझ्याकडेच बघत होते, तेव्हा खोटं कसं बोलू?

"कोण नाय, बाबानु. तुमी."

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी बाबांना तपासलं, मशीनकडे बघितलं, गोणपाट दोन बोटांनी उचललं. हे कुणी केलं म्हणून विचारलं, तर अख्खी वाडी माझ्याकडे वळली. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मशीन उशीच्या पातळीपेक्षा खाली हवं, पाइप थंड झाला की वाफेचं आतच पाणी होतं आणि ते घर्र घर्र करत नाकाकडे येतं, हवा गरम लागली तर चक्री खाली आणायची, एवढंच होतं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. नाक सुकत होतं ते मास्कचा पट्टा सैल होता म्हणून. समुद्राकाठी दोनसुद्धा पुष्कळ. आणि पाइपाला कापड गुंडाळायचंच तर सुकं.

होड्यांवरची माणसं उठून गेली. बर्फ उरला नव्हता, दिवसही उरला नव्हता. दादाला परत फोन लागेपर्यंत तो पनवेलच्या पुढे आला होता.

पण मला त्यातल्या कशाचंच काही वाटत नव्हतं. कारण बाबांनी मास्क बाजूला सारला आणि "माका नको ह्या," असं म्हणून ते पडवीत जाऊन बसले. डॉक्टरांनी समजावलं, आईने हात जोडले. बाबा ढिम्म. नाकात पाणी गेल्याची भीती काय असते, ते समुद्रावरच्या माणसाला सांगावं लागत नाही.

दिवेलागणीला मी मशीन जमिनीवर ठेवलं, डबी रिकामी करून पुसली, चक्री दोनवर आणली आणि त्यांच्यासमोर जाऊन बसलो. डॉक्टरांनी गोव्यात काय सांगितलं होतं ते सांगितलं. पहिल्यांदाच. चक्री मी फिरवली तेही सांगितलं.  बाबा मग उठले, आत जाऊन बिछान्यावर बसले आणि मास्क हातात घेऊन उलटसुलट बघत राहिले.

"सपनात मी होडयेर होतंय," ते म्हणाले. "होडयेत पाणी येय होता. मी तुकाच हाक मारी होतंय, बाबल, पाणी उपस, पाणी उपस. घसो बसलो माझो. आनि तू, मेल्या, भायर उभो रवान पाणी आत भरी होतंस."

एवढं बोलून त्यांनी मास्क स्वतःच नाकावर ओढला. मी नुसतं बटण दाबलं, चक्रीला हात लावला नाही.