बुधीचे वार

बुधीला माणसाचं नावगाव काही नको असे. मळ्यात कोणी नवा आला की डोक्यावरची पाटी खाली ठेवून ती पहिला प्रश्न विचारी, "कोणत्या दिसाचे तुमी?" मग तो भाजीचा व्यापारी असो की मोटेचं चाक दुरुस्त करायला आलेला सुतार. ज्याला आपला जन्मवार ठाऊक नसेल, त्याच्याकडे ती पोरक्या लेकराकडे पाहावं तशी पाही.

मखमलाबादच्या वाटेवर आमचा फुलांचा मळा होता. एकोणीसशे तीस उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. पेठकडच्या डोंगरातून बुधी, तिचा नवरा सोमा आणि त्यांची मुलगी सुक्री कामाला आली आणि विहिरीजवळच्या झोपडीत राहिली. बुधवारची म्हणून ती बुधी, सोमवारचा सोमा, शुक्रवारची सुक्री. मी गुरुवारची, तिच्या भाषेत बेस्तरवारची, म्हणून तिच्या तोंडी बेस्तरी. घरात मला यमुना म्हणत, ते तिने कधी मानलं नाही.

वारावरून ती स्वभाव सांगे. सोमवारची माणसं थंड डोक्याची, मंगळवारची तापट, शनिवारची आपटली तरी न मोडणारी. "आणि बुधवारची गं?" आई मुद्दाम विचारी. "बुधवारची बाई बोलती लय, ऐकती कमी," असं म्हणून बुधी स्वतःच आधी हसे.

पण एका गोष्टीत ती हसत नसे. वार हा लेकराचा राखणदार, असं तिचं म्हणणं होतं. आठवड्यातून एकदा तो दाराशी येतो, आपलं लेकरू जागेवर आहे का बघतो. म्हणून दर शुक्रवारी सकाळी ती सुक्रीला उंबऱ्यात उभी करी आणि मोठ्याने हाक मारी, "सुक्रे!" सुक्री तितक्याच मोठ्याने "ओ" देई. मग बुधी निर्धास्तपणे झेंडू तोडायला जाई. तिची पहिली मुलगी बारशाआधीच गेली होती. राखणदाराला हाक मारायला नावच नव्हतं, म्हणून गेली, असं ती सांगे.

माझ्या वडिलांना मुलींनी शिकावं असं फार वाटे. मला शाळेत घातलं त्याच दिवशी त्यांनी सुक्रीलाही बरोबर नेलं. बाई म्हणाल्या, "सुक्री हे काय नाव? आपण सुशीला म्हणू." वडील खूश झाले. संध्याकाळी त्यांनी ते बुधीला सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, "ही सुसिला कोणत्या दिसाची?"

"अगं, त्या नावाला वार नसतो," आई म्हणाली.

"मग तिला राखायचं कोणी, वैनी?"

वडील समजुतीने म्हणाले, "बुधाबाई, शिकली तर पोरगी स्वतःच स्वतःला राखील."

बुधीने पाटी उचलून डोक्यावर घेतली. मग म्हणाली, "तुमी म्हणता तर असंल, दादा."

सुक्रीला ते नाव भारी आवडलं. पाटाच्या ओल्या चिखलात ती बोटाने ते गिरवत बसे. 'सुक्रे' म्हटलं की मान वळवेनाशी झाली. बुधीची जीभ वळत नसे, "सुसिला, सुसिला" करताना तिची त्रेधा उडे. शुक्रवारी उंबऱ्यात उभं राहायची मुलीला माझ्यासमोर लाज वाटू लागली. मग बुधीच हाक मारी आणि इकडेतिकडे बघून हळूच स्वतःच "ओ" देई.

पुढच्या चैत्रात देवीची साथ आली. मला टोचलेलं होतं, सुक्रीला नव्हतं. वडिलांनी शहरातून डॉक्टर आणला. त्याने पाहिलं आणि बाहेर येऊन नुसती मान हलवली. शुक्रवारची दुपार होती. मी झोपडीच्या दाराशी उभी होते. कडुलिंबाच्या पाल्यावर सुक्री निजली होती, चेहरा ओळखू येत नव्हता. बुधी तिच्या कानाशी वाकली होती.

"सुक्रे, तुझा वार आलाय दाराशी. ओ दे."

सुजलेले ओठ हलले. "मी सुशीला."

"आजच्या दिस सुक्री हो गं. उद्या पुन्यांदा सुसिला हो. मी काय म्हणणार नाय."

सुक्रीने डोळे उघडले नाहीत. दिवस मावळायच्या आत ती गेली.

वडील बांधावर बसून राहिले होते. दोन दिवसांनी बुधी त्यांच्यापाशी आली. आम्हाला वाटलं, आता ती बोलेल, शिव्या देईल. ती म्हणाली, "शाळा चांगली व्हती, दादा. तिला लय आवडायची." वडिलांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर बुधीने कोणाला वार विचारला नाही. पाऊस सरल्यावर ती दोघं डोंगरात परत निघाली. बुधीला दिवस गेले होते. आईने तिला लुगडं-नारळ दिला. बुधीने माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "येते, यमुनाताई." बेस्तरी म्हणणारं माणूस माझ्या आयुष्यातून त्या क्षणी गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात सोमा एकटाच कामाला आला. मुलगा झाल्याचं त्याने सांगितलं. आईला आनंद झाला. तिने विचारलं, "कोणत्या वारी रे?"

"म्या रानात व्हतो. तिनं कुणालाच सांगितलं नाय. इचारलं तर गप बसती."

"मग हाक काय मारता त्याला?"

सोमा पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. "मी बाळा म्हणतो. ती हाकच मारीत नाय, वैनी. जवळ जाती आन् उचलती."