नावासकट आलेली पाटी

हेन्रीनानांच्या दुकानात काचेची एक बरणी होती. उपटलेला दात ते तिच्यात टाकायचे. रोज एकदोन पडायचे, आणि कोणता कोणाचा ते कळेनासं व्हायचं. नानांचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. नाना जळगाव सोडून गेले, बरणीपण गेली. किस्से तेवढे राहिले.

मेहरूणच्या तळ्यावर पोहायला जाण्याआधी आमची टोळी त्यांच्या पायरीवर जमायची. नाना चीनचे. दारावर पाटी मात्र 'डॉ. हेन्री, दातांचे डॉक्टर'. मी एकदा विचारलं, हे साहेबाचं नाव तुम्हाला ठेवलं कोणी?

मराठी ते पेशंटांकडून शिकलेले, म्हणून आमच्यापेक्षा पक्की खानदेशी. म्हणाले, "मुंबईले जुनी पाटी इकत लिधी. नाव तिन्हा संगे उनं."

*

पारोळ्याचे एक आबा सुजलेला गाल धरून आले. दात काढायचा तर साहेबाच्याच हातून, म्हणून बैलगाडी जुंपून आलेले. नानांना पाहून अडूनच बसले.

नाना म्हणाले, "सायेब जेवाले गया. मी त्यान्हा मानूस."

दात निघाला. आबा तोंडात कापूस धरून उठले आणि जाता जाता नानांना म्हणाले, "सायेबले सांगजो, मानूस चांगला ठेयेल शे."

*

एकदा आम्ही 'हेन्री'वर चुना फासून कोळशानं 'हणमंत' लिहिलं. वाटलं, नाना आता मागे धावणार. दुसऱ्या दिवशी एक बाई विचारत आल्या, हणमंत डॉक्टर कुठे बसतात? नाना म्हणाले, "मीच."

आठ दिवस पाटी तशीच. शेवटी आम्हीच कंटाळून पुसली.

*

त्याच वर्षी दादाचं लग्न झालं. वहिनी पाचोऱ्याची वेणू. आमच्याकडे ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं 'सुशीला' लिहिलं, की झाली सुशीला! चार दिवस आई सुशीला, सुशीला हाका मारतेय आणि वहिनी ढिम्म. आईला वाटलं, बहिरी सून गळ्यात पडली.

दुकानात हे मी नक्कल करून सांगितलं. टोळी हसून लोळली. नाना हसले नाहीत. म्हणाले, "मंग पहिलं नाव तिनं कोठे ठेवं?"

 

*

नानांची म्हातारी आई तिकडे चीनमध्ये. वर्षातून एकदा, दिवाळीच्या मागेपुढे, कोणाकडून तरी लिहून घेऊन पत्र धाडायची. पत्र आलं म्हणजे आई आहे. त्या वर्षी दिवाळी गेली, संक्रांत गेली. नाना पेशंटचा जबडा धरून रस्त्याकडे बघायचे.

मी विचारलं, पत्र येतं कोणत्या नावानं? त्यांनी कागदावर इंग्रजीत लिहून दाखवलं. लिऊ चेंग-आन.

ती अक्षरं मी पाहिली होती. जुन्या टपालवाल्याला हे नाव पाठ होतं, पण त्याच्या जागी नुकतेच गफूरचाचा आलेले. दिवाळीत पाकीट घेऊन ते याच पायरीशी थांबले. मी इंग्रजी तिसरीत दोनदा बसलेला, म्हणून मला वाचायला दिलं. मी ऐटीत सांगितलं, असला कोणी माणूस जळगावात नाही, परत पाठवा.

नानांना सगळं सांगून टाकलं. त्यांच्या हातात चिमटा होता, मला माझी अख्खी बत्तिशी धोक्यात दिसली. नानांनी एकदा पाटीकडे पाहिलं आणि चिमटा खाली ठेवला. मग चीनला पत्र लिहायला बसले.

*

घरी वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "बठ्ठा गावले नाव माहीत व्हवाले पाहिजे ना? मंग बारसं करा."

केलं! पाळण्याऐवजी दात उपटायची खुर्ची. नाना पन्नाशीचे, टोपी काढून बसले. गल्लीतल्या बाया जमल्या, नवी सून एकटी कशी पाठवायची म्हणून आईपण आली. नाव मी वहिनीकडून दिवसभर घोकून घेतलेलं. तिनं पदर सावरला, नानांच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. बायांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत बुक्के घातले. आईचा जरा जोरात बसला.

मग मी घरोघर घुगऱ्या वाटल्या. नाव म्हणून दाखवल्याशिवाय मूठ द्यायची नाही. गफूरचाचांकडून तीनदा म्हणवून घेतलं.

त्या दिवसापासून नाना वहिनीला वेणूताई म्हणायला लागले. आईच्या देखतसुद्धा.

*

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी भरदुपारी गफूरचाचा दारात येऊन उभे राहिले. हातात चीनचं पाकीट.

"लिऊ चेंग-आन."

नाना खुर्चीत बसलेले, उठेनात. मला वाटलं, वहिनीसारखंच झालं, नाव अजून कानात मुरलं नाही. मी म्हटलं, "नाना, तुम्हालाच बोलावतायत."

त्यांनी हातानंच मला गप्प केलं.

"चाचा," ते म्हणाले, "परत एक डाव म्हना."