लालबागची न छापलेली बातमी

लालबागच्या आमच्या चाळीत मी रोज संध्याकाळी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवत असे, आणि त्यातल्या निम्म्या बातम्या वर्तमानपत्रात नसत.

यात माझा काय दोष? गिरणी सुटली की अख्खी चाळ ओट्यापुढे येऊन बसायची. वाचता येणारा मी एकटा. आणि छापलेलं असायचं काय? लाटसाहेब सिमल्याला गेले. लाटसाहेब सिमल्याहून परतले. (मधल्या काळात त्यांनी काय केलं, हे संपादकालाही ठाऊक नसावं!) आमचं गटार तुंबलेलं, नळ कोरडा, पाणी काय ते दुधात, त्यावर एक ओळ नाही! मला बसवेना, उठवेना. एका संध्याकाळी मी पेपर तोंडापुढे धरला आणि त्याच सुरात पुढे वाचून टाकलं, "लालबाग. येथील धोंडू गवळी दुधात पाणी घालतो, असे आमचा बातमीदार कळवितो."

दुसऱ्या दिवशी दुधावर साय आली!

मग मला कोण आवरणार? वरच्या मजल्यावरून मासळीचं पाणी खाली ओतणारी पारूकाकू 'छापून' आली. काकू मुकाट जिना उतरून मोरीत पाणी टाकू लागली. बायकोवर हात टाकणारा रामा सोनू 'छापून' आला; तो चक्क तिची घागर वाहू लागला. मी काढत असलेल्या सुधारणेच्या पत्रकांनी जे वर्षभरात झालं नाही, ते पेपराआडून आठवड्यात!

घरात मात्र माझ्या सुधारणा भागीला भोवल्या होत्या. भागी माझी धाकटी बहीण. बालविवाहाविरुद्ध पत्रकं काढणाऱ्याची बहीण लहानपणी कशी उजवायची? मी आडवा आलो, आणि ती अठरा वर्षांची होऊन घरी बसली. आता स्थळं दारावरूनच परतत. शेवटी परळचे तात्या आपल्या मुलासाठी तिला पाहायला यायला तयार झाले. मुलगा रेल्वेच्या कारखान्यात, शिकलेला.

त्या रविवारी आईनं मला दारातच धरलं. "बाबल्या, आज तोंड उघडलंस तर माज्यासारक्या वायट कोण नाय!"

मी तोंड दाबून ठेवलं. मुलगा कोपऱ्यात बसला आणि तात्यांनी भागीला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालवलं. परत चालवलं. बैलबाजारात आणखी काय करतात? तरी गप्प! पानसुपारी होते न होते तोच बाहेरून आरोळी आली, "बाबू, पेपर!"

"अहो, वाचा की," तात्या म्हणाले. "आम्हीही ऐकू."

सगळे ओट्यावर आलो. आई माझ्याकडे अशी पाहत होती, की मी ठरवलं, आज छापलेलं तेवढंच. लाटसाहेब सिमल्याला निघाले. लोक जांभया देऊ लागले. धोंडू गवळी पुढ्यातच बसलेला. (आपलं नाव आज आहे का, हे पाहायला तो रोज यायचा!) लाटसाहेबांची गाडी अंबाल्याला पोचली आणि माझा धीर सुटला.

"लालबाग. आज दुपारी येथे वरपक्षाने उपवर मुलीस गुरासारखे दोनदा चालवून पाहिले. धिक्कार असो!"

मग तात्यांनी शांतपणे विचारलं, "आज दुपारची बातमी? सकाळच्या पेपरात?"

तात्यांना वाचता येतं, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं! त्यांनी पेपर घेतला, उलटला, सुलटा केला. "यात लालबाग हा शब्दच नाही."

"म्हणजे माझंपण नव्हतं छापलेलं?" धोंडू उठला. "अरे चोरा! मी उगाच चांगलं दूध घातलं!"

"आनि मी घागरी वायल्या!" रामा सोनू ओरडला. पारूकाकू पदर खोचून पुढे आली. आईनं कपाळावर हात मारला.

तात्यांनी पगडी उचलली. "खोटं बोलणाऱ्या घराशी आम्हांला सोयरीक नको."

"खोटा कायेक नाय!" दारातून भागीचा आवाज आला. दाखवायची मुलगी, आणि मान वर! "सगळा खरा. मीच नळावर आयकून ह्येका सांगलंय. ह्यो दिसभर पत्रकां लिवता, ह्येका चाळीतला काय ठावक?"

"आणि आजची बातमी?" तात्या कडाडले.

"तीव खरीच. तुमी माका दोनदा चलूक लावलात."

आता संपलं, असं म्हणून मी डोळे मिटले. तेवढ्यात नवरामुलगा खो खो हसत सुटला. "तात्या, पगडी ठेवा खाली. मला मुलगी पसंत आहे. तिला मी पसंत आहे का, तेवढं विचारा."

"पसंत," भागी म्हणाली. (तिला अजून कोणी विचारलंच नव्हतं!)

लग्न झालं. दूध पुन्हा निळसर झालं. हल्ली परळला माझे मेहुणे पेपर वाचतात, भागी शेजारी बसते आणि आमची निम्मी चाळ तिकडे ऐकायला जाते. काल न राहवून मीही गेलो. तिसरीच बातमी होती, "लालबाग. स्त्रियांच्या कैवारार्थ पत्रके काढणारा येथील एक तरुण आपले धोतर म्हाताऱ्या आईकडून धुवून घेतो."

मी तिथल्या तिथे उठून ओरडलो, "नाव छापा त्या हरामखोराचं!"

अख्ख्या परळनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं.