प्लॉट नंबरची ओळ

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये मला पहिली नोकरी लागली. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. वडील चांदवडच्या मार्केटात मापारी होते, कांद्याचं वजन करायचे. शाळा गावातच झाली, इंग्रजी बोलायची वेळ आली की मी मराठीवरच यायचो. नाशिकच्या दोन ऑफिसांतून त्यामुळेच परत आलो होतो. पॅकहाउसच्या मॅनेजरांनी मात्र मुलाखत मराठीतच घेतली. “इंग्रजी येईल हळूहळू. शिकायची तयारी आहे ना?” एवढंच त्यांनी विचारलं. त्या एका वाक्याचे उपकार मी आजही मानतो. पुढे जे झालं त्यात त्या उपकारांचाही वाटा आहे, म्हणून आधीच सांगितलं.

माझं काम म्हणजे बारकोड वाचणारी गन. एकच होती, जड, पिस्तुलासारख्या मुठीची, वर छोटा पडदा. द्राक्षाची खोकी पॅलेटवर, म्हणजे लाकडी चौकटीवर, रचून शीतगृहात गेली की तिथे प्रत्येक पॅलेटची नोंद व्हायची: कोणत्या बागेचा माल, म्हणजे त्या बागेच्या कार्डावरचा प्लॉट नंबर, मग पॅलेटचा नंबर, मग खोकी किती. नोंद थेट नाशिकच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर जायची. तिथला प्रोग्राम टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी लिहिलेला, चोवीस ओळींचा. गन त्याच पडद्याचा आठ ओळींचा तुकडा दाखवायची, दाराच्या फटीतून खोली बघावी तसा.

सर्व्हरवरच्या प्रोग्रामला हात लावायची मला परवानगी नव्हती. माझ्या ताब्यात होती गनमधली एक फाइल. कोणत्या रकान्यात स्कॅन चालेल, किती अक्षरं घ्यायची, स्कॅन झाल्यावर कर्सर कुठे जाईल, एंटर आपोआप पडेल का, हे सगळं त्या फाइलमध्ये लिहायचं. पुस्तक इंग्रजीत होतं. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते दोनदा वाचलं.

गन चालवायला एक बाई होत्या. सुरगाण्याकडच्या, तिशीच्या आत-बाहेर, आश्रमशाळेत दहावी झालेल्या. हंगामात त्यांच्या भागातली टोळी पॅकिंगला यायची, त्यातून मॅनेजरांनी त्यांना निवडलं होतं. टेबलावर घड छाटणाऱ्या बायका त्यांना बंदूकवाली म्हणायच्या.

“ए बंदूकवाली, आमच्यावर नको रोखू. आमचा बी भाव निघंल.”

“तुझा कोड फाटलाय. वाचतच नाय,” त्या म्हणायच्या, आणि टेबलभर हसू पसरायचं.

हंगाम नीट पार पडला तर त्यांना बारा महिन्यांसाठी ठेवायचं मॅनेजरांनी कबूल केलं होतं. त्या भरवशावर त्यांनी मुलीचं नाव पिंपळगावच्या शाळेत घातलं होतं. टोळीबरोबर दर वर्षी येण्याजाण्यात मुलीची दोन वर्षं फुकट गेली होती.

जानेवारीच्या शेवटी त्या माझ्याकडे आल्या. “सर, एका बागेचे पंधरा-वीस पॅलेट असतात. दर वेळी तेच कार्ड कशाला मारायचं? थंडीनं बोटं वळत नाय.”

म्हणणं बरोबर होतं. मी फाइलमध्ये सोय केली. प्लॉटचं कार्ड एकदा स्कॅन करायचं. पुढच्या पॅलेटला गन आधीचा प्लॉट नंबर स्वतःच भरणार आणि कर्सर थेट पॅलेटच्या रकान्यावर नेणार. बाग बदलली की एक बटण दाबून नवं कार्ड मारायचं. चाचणी घेताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. कर्सर खाली गेला की पडदाही खाली सरकतो आणि प्लॉट नंबरची ओळ वर नाहीशी होते. म्हटलं, हंगाम संपल्यावर बघू. बाई या सोयीवर खूश होत्या. मुलीने वहीच्या कागदाचं केलेलं फूल त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

मार्चमध्ये एक कंटेनर भरताना घोटाळा निघाला. एका बागायतदाराच्या नावावर त्याने आणलेल्या मालापेक्षा तीन पॅलेट जास्त, दुसऱ्याच्या नावावर तीन कमी. परदेशी जाणाऱ्या मालात असं चालत नाही. कंटेनर अंगणात उभा राहिला, खोकी उतरवून एकेक लेबल तपासलं गेलं, आणि त्याचं जहाज चुकलं.

मॅनेजरांनी दोघांनाही केबिनमध्ये बोलावलं. बाई म्हणाल्या, “साहेब, मी कार्ड मारलं होतं. आवाज आला होता.”

“मग मशीनने नंबर बदलला का?” मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. “तू बघ आणि सांग.”

मी गनमध्ये आपोआप साठत जाणारी कामाची नोंद उघडली. तासाभरात सगळं दिसलं. बाईंनी नव्या बागेचं कार्ड मारलं होतं. त्यानंतर काही सेकंदांत गनचा सर्व्हरशी संपर्क तुटला होता. शीतगृहाच्या टोकाच्या कोपऱ्यात तो नेहमीच तुटायचा. संपर्क परत आल्यावर माझ्या फाइलने आपणहून प्लॉट नंबर भरला. पण ती पूर्ण झालेल्या नोंदीतलाच नंबर लक्षात ठेवायची आणि नव्या बागेची एकही नोंद अजून पूर्ण झाली नव्हती. म्हणून तिने जुना नंबर भरला. ती ओळ पडद्यावर दिसत नव्हती. बाईंना कळायला काही मार्गच नव्हता.

केबिनपर्यंत जाताना मी वाक्य जुळवत होतो. आत गेलो तेव्हा मॅनेजर फोन ठेवत होते. चेहरा ओढलेला होता.

“काय रे, मशीनमध्ये काही आहे का?”

“मशीनमध्ये काही नाही, सर.”

मी असं का म्हणालो हे स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे. त्यांनी मला दटावलं नव्हतं, घाबरवलं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर कदाचित रागावले असते आणि दुसऱ्या दिवशी विसरले असते. ज्याने मराठीत मुलाखत घेतली त्याच्यासमोर आपण कच्चे ठरू, एवढीच भीती होती. एवढ्याशा भीतीपायी मी एका बाईची नोकरी घालवली.

दुसऱ्या दिवशी बाई परत घड छाटायला टेबलावर बसल्या, बारा महिन्यांची गोष्टही संपली. गन पिंपळगावच्याच एका बी.कॉम. झालेल्या माणसाकडे गेली. त्याच दुपारी मी फाइल दुरुस्त केली. संपर्क तुटला की प्लॉटचा रकाना रिकामा व्हावा, नवं कार्ड मारल्याशिवाय पुढे जाता येऊ नये, आणि ती ओळ पडद्यावर कायम दिसावी. अर्धा तासही लागला नाही. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत एकही चूक झाली नाही. मॅनेजर एकदा म्हणाले, “बघ, माणूस बदलला आणि कटकट संपली.” मी मान डोलावली.

टेबलावर आता बंदूकवाली म्हणून कोणी चिडवत नव्हतं. गन काढून घेतल्याचं बायकांनाही बरं वाटलं नसावं. बंदूकवाल्या बाई मात्र माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलायच्या. एकदा म्हणाल्या, “सर, तुम्ही चांगलं करून दिलं होतं. माझाच हात चुकला असंल.”

एप्रिलमध्ये टोळी निघाली. टेम्पोत पातेली, गोधड्या चढत होत्या. मुलगी शाळेचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाजूला उभी होती. मी बाईंना जरा लांब बोलावलं आणि सगळं सांगितलं. संपर्क, रकाना, न दिसणारी ओळ.

“म्हणजे मी कार्ड मारलं होतं.”

“हो ताई.”

“मी म्हणत होते. मग रोज रोज आठवून मलाच वाटाय लागलं, नसंल मारलं.” त्यांनी मुलीला हातानेच थांब म्हटलं. “साहेबांना सांगितलं?”

“नाही.”

“मग मला कशाला सांगता? मला ठाऊक होतं ते. साहेबांना नाय ठाऊक.”

मुकादमाने हाक मारली आणि त्या गेल्या. मुलीला वर चढवलं, मग स्वतः चढल्या.

मी तसाच केबिनमध्ये गेलो. मॅनेजर डबा खात होते. त्यांनी झाकणात अर्धी पोळी आणि भाजी काढून माझ्यापुढे सरकवली. “बस. काय काम काढलंस?”

“काही नाही, सर,” मी म्हणालो. “पुढच्या हंगामाला दोन गन लागतील.”

“घेऊ,” ते म्हणाले.

पुढच्या हंगामात टोळी आली, त्यात त्या नव्हत्या. मुकादम रोज समोर दिसायचा. त्याला विचारावं असं वाटायचं, पण त्याने “का, काय काम होतं?” असं विचारलं असतं तर सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मी विचारलं नाही.