दामूभाऊंचा पिन

आधीच सांगते, आम्ही बौद्ध. घरात भूतखेत, अंगारे-धुपारे यांचं नाव काढलं तरी वडील ओरडायचे. मीही तशीच... त्यात नोकरी कॉम्प्युटरची! तळेगावात राहते आणि लोणावळा-मळवलीकडचे बंगले सांभाळणाऱ्या एका कंपनीत काम करते. केअरटेकर लोकांना कंपनीने फोन दिलेत, त्यांची सगळी व्यवस्था माझ्याकडे.

गेल्या हिवाळ्यात ठरलं की पिन बंद, आता फोन बोटाच्या ठशाने उघडायचे. काम सोपं होतं. एकदा जुना पिन टाकायचा, मग ठसा नोंदवायचा; फोन कंपनीच्या यादीत राहतो, आतलं काही जात नाही. पण पिनच माहीत नसेल तर फोन यादीतून काढून पुन्हा यादीत घ्यावा लागतो. आणि यादीतून निघाला की फोन कोरा होतो, सगळं पुसलं जातं.

भाजे गावातल्या बंगल्याचे केअरटेकर दामूभाऊ दिवाळीआधी छातीत कळ येऊन गेले. बंगल्याचं काम त्यांच्या बायकोने, शेवंतामावशींनी घेतलं. फोनही त्यांच्याकडेच आला, पण पिन भाऊंनी कुणालाच सांगितला नव्हता. साहेब म्हणाले, "कोरा करून टाक, अर्ध्या तासाचं काम आहे."

मावशी मात्र फोन सोडेनात. भाऊंना लिहिता येत नव्हतं, म्हणून रोजचा रिपोर्ट ते बोलून रेकॉर्ड करायचे. गिझर बंद केला, गेटला कुलूप लावलं... आणि मध्येच, "शेवंते, कुत्र्याला भाकर टाक गं!" ऑफिसातली रेकॉर्डिंग महिन्याभराने पुसली जातात. राहिली होती ती फक्त त्या फोनमध्ये.

"फोटू हाय त्यांचा, पर आवाज दुसरीकडं कुटंच न्हाई," मावशी म्हणाल्या. "तेवढा घालवू नको, पोरी."

नाही घालवणार, असं मी छातीठोकपणे सांगून बसले.

दहा वेळा पिन चुकला तरी फोन कोरा होतो. लग्नाची तारीख, मुलीची जन्मतारीख, जुन्या मोबाईलचे आकडे... नऊ प्रयत्न संपले. मी सकाळीच बंगल्यावर आले होते, आता अकरा वाजून गेले होते. तिथे पाहुणे नव्हते, रिकाम्या पूलमध्ये पाला साठलेला. मी रडायचीच बाकी होते. पिन टाकायला भाऊंना मीच शिकवलं होतं, आणि नियम म्हणून तेव्हा मान वळवून उभी राहिले होते. कसला तो शहाणपणा!

"ठिव खाली. च्या घे," म्हणत मावशी भाकरीचं पीठ मळायला बसल्या. फोन आमच्या दोघींच्या मध्ये, फरशीवर.

तेवढ्यात स्क्रीन लागली. पिनचे ठिपके भरायला लागले... एक, दोन, तीन. मग थांबले.

शिकताना भाऊ नेमके तिथेच थांबायचे. तीन आकडे झाले की पाठमोऱ्या मला विचारायचे, "तीन झालं, आता फुडं?"

माझ्या हातात चहाचा कप होता. मावशींचे दोन्ही हात पिठात. चौथा ठिपका भरला, पाचवा, सहावा... आणि फोन उघडला!

"मावशी, बोट लावा लवकर," मी कप खाली ठेवत म्हटलं. राबून राबून गुळगुळीत झालेलं त्यांचं बोट फोन चार वेळा घेईना. पाचव्यांदा घेतलं. फोन यादीत होता तसाच राहिला, रेकॉर्डिंगही सगळी होती. मावशींनी एक लावलं. भाऊंचा आवाज आला आणि त्या हसता हसता रडायला लागल्या.

ऑफिसातली मैत्रीण म्हणते, काच ओली असेल, आपोआप दाबलं गेलं असेल. सहाच्या सहा आकडे बरोबर? कंपनीच्या नोंदीत एवढंच आहे — पिन बरोबर. तो पिन काय होता, हे मला अजूनही माहीत नाही.

निघताना मावशींनी विचारलं, "आता जुना नंबर चालंल का गं ह्याला?"

"नाही मावशी. ठसा घेतला की जुना पिन कायमचा रद्द होतो."

त्यांनी फोनला लागलेलं पीठ पदराने पुसलं.

"मंजी त्यान्ला आता ह्यो उघडता यायचा न्हाई."

त्यांनी जुन्या नंबरचं विचारलं तेव्हा 'चालेल' असं खोटंच सांगितलं असतं, तर माझं काय बिघडलं असतं?